नमुन्याखाली चार आकडे छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी तोंडावर आली की आपल्या पुरवणीत स्वेटरचा एखादा नमुना येतोच. यंदाही आला. पुरुषांचा व्ही गळ्याचा स्वेटर, लोकर ४०० ग्रॅम, सुया ८ नंबर, 'पुढच्या भागासाठी १०४ टाके घालून सुरुवात करावी', आणि शेजारी कुण्या गोऱ्या माणसाचा हसरा फोटो. तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे ब्लाउज टाकायला आलेल्या दोघींच्या पर्समधून तेच कात्रण निघाले. "काकू, इतक्या टाक्यांत आमच्या यांचं होते का?" मी विचारले, छाती किती? माहीत नाही. लोकर कोणती आणली? आणायची आहे. हात सैल की घट्ट? यावर दोघी हसायलाच लागल्या.

मला तक्रार करायची आहे, पण ती शेवटी करते. तोवर तुमच्या त्या १०४ टाक्यांचे काय होते ते सांगते, कारण माझे एकदा झाले आहे.

मी लेडीज टेलर आहे. गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अलीकडे. माहेर वर्धा जिल्ह्यातले; वडील बाजाराच्या गावी शिवणकाम करायचे आणि मी त्यांच्या मशीनखाली चिंध्या वेचत मोठी झाले. विणायला मात्र सासरी शिकले, मोठ्या जाऊबाईंकडून. टाके घालणे, सुलट, उलट, एक सुलट एक उलटची बॉर्डर, टाका गळला तर क्रोशाच्या आकडीने तो वर कसा चढवायचा, हे सगळे त्यांनी हाताला हात लावून शिकवले. टाके किती घालायचे हे विचारले की त्या म्हणत, "पुस्तकात पाय," म्हणजे पुस्तकात पाहा.

१९९६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. (तेव्हा आमचा तालुका भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला.) आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नाटकाचा भारी नाद. आमची ही झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई (आमच्याकडची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि त्यांच्या मागोमाग नाटके सुरू होतात. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक खाली बसतो, अंगावर जे असेल ते पांघरून. विदर्भातल्या थंडीच्या बातमीत सर्वांत कमी तापमान म्हणून गोंदियाचे नाव कितीदा येते, ते आपणच छापता. मामाजी बाजारातला स्वेटर घालून जायचे आणि सकाळी कंबर धरून यायचे. मी ठरवले, यांना हाताचा स्वेटर करून द्यायचा. जाऊबाईंकडच्या एका मासिकातला नमुना घेतला. त्यात १२० लिहिले होते, मी १२० घातले. लोकर आवडली ती घेतली, चांगली जाडजूड. दीड महिना विणले. घालून पाहिल्यावर मामाजी आरशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे सुटर होय का धानाचा कट्टा? याच्यात मी अन् माहा बैल दोघंही मावतो." (कट्टा म्हणजे पोते.)

मासिकाचे चुकले नव्हते. ते १२० टाके दुसऱ्या कुणाच्या हाताचे, दुसऱ्या लोकरीचे आणि दुसऱ्याच छातीचे होते. मी टेलरची मुलगी असून शेजारणीच्या मापावर आपला ब्लाउज कापला होता म्हणा ना. तो स्वेटर मी उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी बांधली, पाण्यात बुडवली आणि खाली वजन लावून वाळत टाकली. ती वाळेपर्यंत विचार करायला दोन दिवस मिळाले.

वडील नवे कापड आले की म्हणायचे, "आधी पाण्यातून काढ, मंग कैची लाव." सुती कापड पाण्यात आटते हे त्यांच्या गिऱ्हाइकांना पटायचे नाही, पण वडील ऐकायचे नाहीत. मला वाटले, इथेही तसेच करू. पहिल्यांदा लोकरीलाच विचारू, तू किती पसरतेस. त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, सहा इंच बाय सहा इंच तुकडा विणला. धुतला. सपाट वाळवला. मग कडेचे टाके सोडून मधल्या चार इंचांत आडवे टाके मोजले आणि उभ्या ओळी मोजल्या. टाके २२ भरले, ओळी ३०. म्हणजे एका इंचात साडेपाच टाके आणि साडेसात ओळी. स्वतःचा स्वेटर स्वतः बेतायचा असेल तर सुरुवात ही एवढीच आहे. बाकीचा गुणाकार-भागाकार चौथीतल्या पोरालाही येतो.

तुकडा करायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही येतो. दहा टाक्यांचा दोन बोटांचा तुकडा करून 'साधारण पाच बसतात' म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या अर्ध्या टाक्याने काय होते ते पाहा. ३९ इंच घेराच्या स्वेटरला साडेपाचच्या हिशेबाने २१४ टाके लागतात. तेच २१४ टाके इंचाला पाच बसणाऱ्या हाताने विणले तर घेर होतो पावणेत्रेचाळीस इंच. जवळजवळ चार इंच जास्त, म्हणजे एक लेकरू आत बसेल एवढे. आणि हात रोज सारखा नसतो. घरात भांडण झाले की माझा हात घट्ट चालतो, हे मी तुकडे मोजून सांगते. म्हणून तुकडा शांत मनाने करावा आणि स्वेटरचे आठ इंच झाले की पुन्हा एकदा पट्टी लावून पाहावी.

तुमच्या १०४ टाक्यांची गोष्ट आणखी मजेची आहे. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे. त्यात नंबर मोठा तशी सुई बारीक : १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत हे उलटे. नंबर मोठा तशी सुई जाड, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. फोटोतला गोरा माणूस पाहून मला शंका आली की नमुना तिकडचा असावा. आपल्या ८ नंबरवर, माझ्या हाताने, १०४ अधिक १०४ टाक्यांचा स्वेटर ३८ इंचांचा होतो. तिकडच्या ८ नंबरवर इंचाला साडेचार टाके धरले तर तोच ४६ इंचांचा होतो. आता त्या दोघींनी कोणत्या नवऱ्याला घालायचा?

मामाजींच्या स्वेटरचे पुढे काय झाले ते सांगते, कारण माझा पहिला खरा स्वेटर तोच.

त्यांची छाती ३६ इंच. आमच्या भाषेत लूजिंग, म्हणजे मोकळीक, ३ इंच धरली. आत सदरा आणि वर स्वेटर असे घालणाऱ्या माणसाला तेवढी लागतेच. ३९ गुणिले साडेपाच, २१४ टाके. निम्मे पुढे, निम्मे मागे, १०७-१०७, आणि शिवणीत जाणारा एकेक टाका दोन्ही कडांना. बॉर्डर दोन नंबर बारीक सुयांवर, म्हणजे १० नंबरवर, अडीच इंच. मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायच्या जागेपर्यंत, सरळ विणायचे. इथे डोके लागत नाही, हे नाटकाच्या तालमी पाहत विणले तरी चालते.

मुंढा आला की टेलर उपयोगी पडतो. मामाजींच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत १४ इंच, म्हणजे ७७ टाके. सुईवर आहेत १०९. म्हणजे ३२ घालवायचे, एकेका बाजूला १६. त्यातले सहा एकदम बंद केले, कारण काखेत थोडे आडवे कापड लागते, आणि उरलेले दहा एक ओळ सोडून एक-एक करून कमी केले. वीस ओळी झाल्या, पावणेतीन इंचांत मुंढ्याचा बाक आला. शिवणकामात आपण कापड आधी घेतो आणि मग त्यातून आकार कापतो. विणकामात कापड आणि आकार एकाच वेळी तयार होतात, कैची कुठेच नाही. चुकले तर चिंधी होत नाही, उसवता येते. मला विणकामाची चटक लागली ती यामुळे.

व्ही गळ्यासाठी पुढच्या भागाचा मधला एक टाका सेफ्टी पिनेत अडकवला आणि दोन बाजू वेगळ्या केल्या. गळ्याची रुंदी ३५ टाके, म्हणजे मधला एक आणि दोन्हीकडे सतरा-सतरा. गळ्याची खोली आठ इंच, म्हणजे साठ ओळी. साठ ओळींत सतरा टाके कमी कसे करायचे? चार वेळा दर दुसऱ्या ओळीला आणि तेरा वेळा दर चौथ्या ओळीला. आठ अधिक बावन्न, साठ. हे गणित जमले त्या रात्री मी एकटीच हसले होते. खांद्याला एकवीस टाके उरले.

आता त्यांची पाठ. मामाजी तरुणपणापासून धानाच्या बांधीत वाकलेले. म्हातारपणी पाठीत बाक आला होता. बाजारातला स्वेटर अशा माणसाच्या पाठीवर चढतो; बाकाने कापड खाऊन टाकले की कंबर उघडी पडते आणि पहाटेचा वारा तिथूनच शिरतो. मी आधी स्वेटरची मागची बाजू नुसती लांब करायच्या विचारात होते. पण मग कडेच्या शिवणीत पुढचा आणि मागचा भाग जुळणार नाहीत. वाकलेल्या पाठीला लांबी हवी असते ती मध्येच, कडांना नाही. उपाय सुचला तो मोज्यावरून. मोज्याची टाच करताना आपण ओळ पुरी न करता मध्येच पलटतो, तसेच पाठीत केले. मुंढ्याचे कमी करणे संपले, ७७ टाके उरले, तिथून प्रत्येक पलटणीला कडेचे तीन-तीन टाके मागे सोडत गेले. दोन्हीकडे नऊ-नऊ पलटण्या झाल्यावर मध्ये तेवीस टाके राहिले आणि पाठीच्या मधोमध अठरा ओळी जास्तीच्या आल्या, जवळजवळ अडीच इंच. कडा जिथल्या तिथे. मध्येच पलटताना पुढच्या टाक्याभोवती दोऱ्याचा एक वेढा द्यावा, नाहीतर तिथे भोक दिसते. मला हे पहिल्या चार भोकांनंतर कळले, ती भोके मागून सुईने बुजवली.

मामाजींनी घालून पाहिला, खाली बसले, उठले, पुन्हा बसले आणि काही बोलले नाहीत. त्या वर्षीची सगळी नाटके त्याच स्वेटरवर झाली.

बाहीचे थोडक्यात सांगते. मनगटाला लूजिंग धरून आठ इंच, ४४ टाके. दंडाला तेरा इंच, ७२ टाके. वाढवायचे २८, दर वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे चौदा वेळा. बॉर्डर सोडून काखेपर्यंत साडेचौदा इंच, म्हणजे १०८ ओळी. चौदाने भागले की सात येतात आणि थोडे उरते. पण सातवी ओळ कधी सुलट बाजूला येते कधी उलट, आणि मला सुलट बाजूलाच वाढवायला आवडते. म्हणून एकदा सहाव्या ओळीला, एकदा आठव्या ओळीला असे आळीपाळीने केले. ९८ ओळींत चौदा वेळा झाले, वरच्या दहा ओळी सरळ.

यावर एक गंमत. माझी मुलगी नागपूरला नोकरीला असते. तिने मागच्या वर्षी फोनवर मला एलिझाबेथ झिमरमन या बाईंचा हिशेब वाचून दाखवला. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. पुढे अमेरिकेत राहिल्या, १९९९ मध्ये वारल्या. त्या म्हणत, अंगाच्या घेराचे टाके शंभर धरले तर मनगटाला सुमारे वीस, दंडाला सुमारे तेहतीस आणि गोल योकच्या (खांद्यांचा भाग गळ्याभोवती गोल विणलेल्या) स्वेटरला गळ्याशी चाळीस. मी लगेच वही काढली. २१४ चे वीस टक्के ४३, तेहतीस टक्के ७१. माझे होते ४४ आणि ७२! कुठली ती बाई आणि कुठली मी, पण माणसाचा दंड सगळीकडे दंडच. तरी नवख्यांनी टक्केवारी वापरून झाल्यावर टेप लावून पाहावाच. आमच्या गावातल्या पहेलवान पोट्ट्याचा दंड काही तेहतीस टक्क्यांत बसणार नाही.

ज्यांना माप घ्यायलाच संकोच वाटतो (सासऱ्यांच्या छातीला टेप लावणे सुनेला सोपे नसते, मी नवऱ्याकडून लावून घेतला), त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. ती मला गोठणगावजवळच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईने दाखवली. तिथे १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात त्यांच्यातले बरेच जण गरम कपडे विकायला शहरांत जातात. या आजींनी टेप काढलाच नाही. त्या माणसाला नीट बसणारा जुना स्वेटर आणायला सांगितला, चटईवर सपाट अंथरला आणि काखेखालून काखेपर्यंत, खांदा, बाही, उंची अशी वितीने मापे घेतली. अंगात बसलेल्या कपड्यात लूजिंग आधीच धरलेली असते, वेगळी मिळवायची नाही. मी आता गिऱ्हाइकाला आधी हेच सांगते.

लोकरीबद्दल दोन शब्द. आपण लोकर म्हणून जी घेतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असते. स्वस्त पडते, धुवायला सोपी, कसर लागत नाही. मी स्वतः तीच जास्त वापरते. पण तिला इस्त्री लावू नका, लुळी पडते आणि परत उठत नाही. आणि आमच्यासारख्यांनी शेकोटीजवळ सांभाळावे. ठिणगी पडली तर ॲक्रिलिक वितळते, त्याचा कडक मणी होतो आणि कातडीला चिकटतो. खरी लोकर जळकट केसांसारखा वास देते आणि बहुधा आपणच विझते. दुकानदार काहीही म्हणो, दोऱ्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून दाराबाहेर काडी लावून पाहा, कळते. सुताचाही मोह मला झाला होता. माहेर कपाशीच्या मुलखातले, म्हटले कापसाचाच करू. पण सुती दोरा जड आणि त्याला लोकरीसारखी ओढ नाही. दिवाळीत मांडीपर्यंत आलेला माझा तो स्वेटर संक्रांतीला गुडघ्याकडे निघाला होता. सुती काम करायचे तर आखूड, बिनबाह्यांचे करावे.

लोकर किती आणायची हेसुद्धा तो तुकडाच सांगतो. मी माझा तुकडा तालुक्याच्या सोनाराकडे नेऊन काट्यावर ठेवला. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग काट्याकडे. दहा ग्रॅम भरला. सहा बाय सहा, छत्तीस चौरस इंचाला दहा ग्रॅम. स्वेटरचे अंग ३९ गुणिले २४, ९३६ चौरस इंच. दोन बाह्या मिळून साधारण चारशे. एकूण १३३६, भागिले ३६, सदतीस तुकडे, म्हणजे ३७० ग्रॅम. वरून बॉर्डर, गळा, शिवण धरून मी साडेचारशे घेतली. आमच्यासारख्यांना लोकरीसाठी गाडीने गोंदियाला जावे लागते. पन्नास ग्रॅम कमी पडली तर दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीत त्याच रंगाचा दुसरा लॉट हातात येतो. दुकानात तो सारखाच दिसतो, उन्हात बाहीचा रंग वेगळा उठतो. लेबलावर लॉट नंबर असतो, सगळ्या गुंड्यांचा एकच पाहून घ्यावा.

आता सारस पक्ष्याची फजिती. महाराष्ट्रात सारस म्हटले की गोंदिया जिल्ह्याचेच नाव निघते. आमच्या मुलांना त्याचा अभिमान आहे. नातू म्हणाला, आजी, माझ्या स्वेटरवर सारस काढ. मी गणिताची चौकटीची वही घेतली आणि तीस घरे रुंद, साठ घरे उंच असा देखणा सारस काढला; लांब पाय, लांब मान, लाल डोके. एक घर म्हणजे एक टाका, असे धरून विणला. तयार झाल्यावर अंगणवाडीतली पोरे ओरडली, "बदक, बदक!" चौकटीच्या वहीतले घर चौरस असते, विणीतला टाका चौरस नसतो. तो रुंद आणि बुटका असतो. माझ्या त्याच २२ आणि ३० च्या हिशेबाने तीस टाक्यांची रुंदी साडेपाच इंच झाली आणि साठ ओळींची उंची आठच इंच. कागदावर दुप्पट उंच असलेला पक्षी दीडपटीवर आला.

दुसऱ्या वेळी चित्र लहान केले, २४ घरे रुंद आणि ४८ उंच, आणि विणताना दर तीन ओळींमागे एक ओळ वाढवली. चौसष्ट ओळी झाल्या, साडेआठ इंच. रुंदी जेमतेम साडेचार इंच. सारस उभा राहिला. नव्याने चित्र काढणाऱ्यांना आणखी एक सांगते. एकट्या चित्रासाठी मागून दोरा ओढत नेऊ नका. राखाडी रंगाची वेगळी लहान गुंडी ठेवा आणि जिथे रंग बदलतो तिथे दोन दोऱ्यांना एकमेकांत एक पीळ द्या, नाहीतर पक्ष्याभोवती फट राहते. मागे इंचाहून लांब दोरे लोंबले तर मुलांची बोटे त्यात अडकतात. पूर्ण अंगभर दोन रंगांची नक्षी असेल किंवा वेणीची वीण असेल, तर तुकडासुद्धा त्याच विणीचा करावा. वेण्या कापड आत ओढतात. साध्या सुलट विणीच्या तुकड्यावर वेणीचा स्वेटर बेतला तर तो धाकट्या भावाला द्यावा लागतो.

बाजारात आज तयार स्वेटर हाताच्या लोकरीच्या भावात मिळतो. माझी जाऊबाई विचारते, मग कामून करतेस? तिला मी मामाजींची पाठ सांगते. ज्याचे अंग बाजारच्या मापात बसते त्याने बाजारातूनच घ्यावे, माझे म्हणणे नाही. पण ज्याचा एक खांदा उतरलेला आहे, जिचे पोट बाळंतपणानंतर पुढे आले आहे, ज्या मुलीच्या बाह्या दरवर्षी आखूड पडतात, त्यांच्यासाठी कुणी कारखाना काढत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकदम पूर्ण बाह्यांचा स्वेटर धरू नये. घरातल्या लेकराची टोपी करावी. डोक्याचा घेर घ्यावा, त्यातून दोन इंच वजा करावे (टोपी डोक्यापेक्षा लहानच असावी लागते, तेव्हाच बसते), उरलेल्याला इंचाच्या टाक्यांनी गुणावे. घेर वीस असेल तर अठरा गुणिले साडेपाच, ९९. एक टाका वाढवून शंभर घ्यावे. वर निमुळती करताना त्या शंभराचे दहा भाग पाडून प्रत्येक भागात एकेक टाका कमी करत जावे. आठवड्यात होते. बसली नाही तर शेजारच्या लेकराला बसते, गावात डोक्यांची कमी नाही. त्यानंतर बिनबाह्यांचे जाकीट, आणि मग बाह्या.

आता माझी तक्रार. आपल्या पुरवणीत नमुने जरूर छापा, मुली ते कापून ठेवतात. फक्त प्रत्येक नमुन्याखाली चार आकडे छापा : चार इंचांत टाके किती, चार इंचांत ओळी किती, तयार कपड्याचा छातीचा घेर किती इंच, आणि सुई किती मिलिमीटरची. एका ओळीत मावतात. त्या चार आकड्यांवरून कोणतीही बाई तो नमुना आपल्या घरच्या माणसाच्या अंगावर उतरवू शकते, नाही पटला तर गळा बदलून, बाही बदलून स्वतःचा करू शकते. आणि शक्य असेल तर एखाद्या आठवड्यात नमुना न छापता रिकामा आराखडाच छापा : छाती, खांदा, मुंढा, बाही, गळा, आणि पुढे गाळलेल्या जागा. लोक भरतील. माझ्याकडच्या त्या दोघींनी कात्रणाच्या मागच्या कोऱ्या जागेवर भरला आहे. एकीचा नवरा ३४ निघाला, दुसरीचा ४२.

आपली,
एक विणणारी वाचक
ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया

ता. क. : पत्र लांबले आहे. जागा कमी पडली तर सारसाचा मजकूर कापा, मामाजींचा कापा, माझी हरकत नाही. सहा इंचांच्या तुकड्याचा तेवढा ठेवा.